मशीनचं सुतक

आमच्या अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात भर मे महिन्यात स्वेटर घालून हिंडणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. डांबर पातळ झालेलं, लोहाऱ्याच्या स्टँडवरची कुत्री रसवंतीच्या ओल्या चिपाडात अंग टाकून पडलेली, आणि आमचे मामा गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या तपकिरी स्वेटरात उमरग्याच्या जीपची वाट बघत उभे. नवखा माणूस त्यांना तापकरी समजून जागा करून द्यायचा. ते बसायचे, आणि मग खुलासा करायचे, "आजारी न्हाय. आमच्या खोलीत बारा महिने हिवाळा असतोय." ती खोली म्हणजे उमरग्यातल्या एका शिक्षणसंस्थेची सर्व्हर-रूम. संस्थेच्या शाळा, कॉलेजं, वसतिगृहं जिल्हाभर पसरलेली. त्यांचे प्रवेश, निकाल, पगार, सगळं त्या रसायनशाळेशेजारच्या जुन्या अडगळीच्या खोलीतून चालायचं. एसी मशीनसाठी होता. "मी तिथं पाहुणा," मामा म्हणायचे, "पाहुण्यानं घर गार हाय म्हणून तक्रार करू नये."

मामा नेमकं काय करतात हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. आत्या शेजारणींना "कॉम्प्युटरचं बघतात" म्हणून विषय मिटवायची. मला त्यांनी ते जीपमध्ये शिकवलं. लोखंडाची पेटी एकच असते, पण तिच्या पोटात अनेक कॉम्प्युटर नांदतात; प्रत्येकाला वाटतं अख्खी पेटी आपल्या एकट्याची आहे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, म्हणजे असून नसलेलं मशीन. मी म्हटलं, मग एवढ्या सगळ्यांना मेमरी पुरते कशी? मामांनी जीपभर नजर फिरवली. एक पैलवान अर्धा बाहेर लोंबकळत होता, दोन बायका एका बाईच्या जागेत होत्या.

"ही जीप चालती का न्हाय? चालती. का चालती? कारण सगळे एकदम दम घेत न्हाईत. त्यो झोपलाय, ह्या आज्जी अंग चोरून बसल्यात, पैलवान निम्मा हवेतच हाय. मेमरी अशीच वाटायची असती. पण चढ आला, सगळे एकदम जागे झाले, की जीप बसली. म्हणून ड्रायव्हरनं एका माणसाची जागा कायम रिकामी ठेवावी."

ड्रायव्हर ऐकत होता. तो वळून म्हणाला, "सर, रिकाम्या जागेचं भाडं तुमी द्या, मी ठेवतो."

"बघ," मामा मला म्हणाले, "आमचे चेअरमन बी शब्दाला शब्द हेच म्हणतात."

सगळं बंद पडणार आहे, फक्त केव्हा तेवढं ठाऊक नाही, ही मामांची जगाबद्दलची पक्की समजूत होती. वास्तुशांतीला गेले की ते घरभर हिंडून, पाण्याची टाकी कुठून गळेल ते यजमानाला दाखवायचे. बारशाला गेले की बाळाचं नाव किती कागदांवर चुकू शकतं ते सांगायचे. माणसं त्यांना बोलवायची तेही जरा जपूनच. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी हट्टानं वरमाळांचा दुसरा जोड करायला लावला आणि तो वेगळ्या गाडीतून पाठवला. "दोन्ही एकाच गाडीत ठेवल्या तर एकच ठेवली म्हणायची," हे त्यांचं शास्त्र. हायवेवर पहिल्या गाडीचा टायर फुटला. मामांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं आणि ते खरं ठरलं होतं. पण दुसरी गाडी पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सख्ख्या भावाची. भाऊ अडकलेला दिसल्यावर तोही थांबला, जॅक काढून मदतीला लागला. चारही वरमाळा एकाच चिंचेखाली सुकत बसल्या, आणि नवरा-नवरी मांडवात घामाघूम. सगळे मामांवर हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी त्यातून नवा नियम काढला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात अमलात आणला: दुसरी प्रत दुसऱ्या गाडीत ठेवून भागत नाही, दुसऱ्या रस्त्यानं पाठवावी लागते, आणि दोन्ही ड्रायव्हर एका आईचे नसावेत.

बॅकअप आहे असं कुणी म्हटलं की मामांचा पहिला प्रश्न असायचा, "उघडून बघितला का?" दर अमावास्येला ते जुना बॅकअप काढून एखादं मशीन पुन्हा उभं करून बघायचे. अमावास्याच का, तर त्या दिवशी संस्थेत कुणी नवीन काम काढत नाही, शांतपणे बघता येतं. हीच रीत त्यांनी घरी लावली. आत्यानं लोणच्याची बरणी फडकं बांधून फळीवर ठेवली की मामा अमावास्येला ती उतरवायचे, चमच्यानं तळापर्यंत जाऊन चाखायचे आणि मान हलवायचे. आत्या म्हणायची, "तुमच्या ह्या तपासणीनंच निम्मी बरणी संपतीय."

"बरणी दिसती म्हंजे लोणचं हाय, असं नसतंय."

"लोणचं व्हतं. तुमी खाल्लं."

मशीनचा स्नॅपशॉट काढला की पोरं निर्धास्त व्हायची, त्यावर तर मामांचा फार राग. स्नॅपशॉट म्हणजे मशीन या घडीला जसं आहे तसं धरून ठेवणं. काहीतरी बिघडवायच्या आधी काढावा, काम झालं की लगेच काढून टाकावा. पोरं काढायची आणि विसरायची; ते साठत जायचे आणि एक दिवस डिस्क भरून सगळंच गळाठायचं. "फोटो काढला म्हंजे माणूस राखला का?" मामा विचारायचे. "घर जळालं तर भिंतीवरचा फोटो बी जळतोय."

आणि नावं. मशीनला नाव कामाचं द्यावं, देवाचं देऊ नये, हा त्यांचा आग्रह अनुभवातून आला होता. ते रजेवर असताना एका नव्या ऑपरेटरनं निकालाच्या मशीनचं नाव भक्तिभावानं 'भवानी' ठेवलं. तुळजापूर इथून असं किती लांब! मग झालं काय, की मशीन अडकून बसलं, बंद करून चालू करायला हवं होतं, आणि वार होता मंगळवार. ऑपरेटर बटणाला हात लावेना. शिपाई म्हणाला, आज भवानी बंद करायची म्हंजे काय, साहेब? प्राचार्यांना विचारलं, तेही म्हणाले उद्या बघू. बारावीच्या सराव परीक्षेचा निकाल बुधवारपर्यंत लटकला. मामा आले, त्यांनी आधी हात जोडले, मग मशीनचं नाव बदलून 'निकाल-जुना' केलं, मग बंद केलं. "देवीला देवळात राहू द्या," ते ऑपरेटरला म्हणाले, "तिला कशाला आपल्या नोकरीला लावता?"

पण मामांचं सगळ्यात विलक्षण काम म्हणजे मशीनचं सुतक. एवढ्या वर्षांत संस्थेत मशीनं साठली होती. कुणीतरी कशासाठी तरी उभं केलं, तो माणूस बदलून गेला, मशीन मागे राहिलं. ते कुणाचं, कशाला लागतं, कुणालाच ठाऊक नाही. दुसरा कुणी असता तर पुसून मोकळा झाला असता. मामा पुसायचे नाहीत. ते मशीन नुसतं बंद करायचे आणि तेराव्यापर्यंत थांबायचे. तेवढे दिवस ते रोज जीपमधून उतरल्यावर आधी शिपायाला विचारायचे, "कुणी रडलं का?" रडणं म्हणजे तक्रार. कुठल्या शाळेतून फोन आला, आमचं अमुक उघडत नाही, की मामा म्हणायचे, जिवंत आहे, आणि मशीन चालू करायचे. तेराव्यापर्यंत कुणीच रडलं नाही तर ते मशीन मेलं, असं धरून पुसायचे. त्या दिवशी शिपायाला बुंदी आणायला लावायचे. शिपाई ती खाता खाता विचारायचा, "आज कोण गेलं, साहेब?"

असंच एक म्हातारं मशीन त्यांनी बंद केलं होतं. तेरावा झाला, कुणी रडलं नाही. बुंदी आली होती. मामा पुसायला बसणार तेवढ्यात ईटहून एक बाई आल्या. संस्थेच्या ईटच्या वसतिगृहात जन्मभर स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या. पोरं त्यांना भाकरीमावशी म्हणायची. दिवाळी नुकतीच झालेली. अशा विनाअनुदान स्वयंपाकिणींना आणि शिपायांना संस्था स्वतःच्या निधीतून महिन्याला थोडीफार मदत द्यायची, आणि त्यासाठी दरवर्षी दिवाळीनंतर त्यांनी येऊन अंगठा द्यायचा; मशीन अंगठा ओळखायचं आणि हयातीचा दाखला छापून द्यायचं. ते हेच मशीन. वर्षातून एकदाच जागं होणारं. मावशींनी ऑफिसात अंगठा लावला, काहीच झालं नाही, म्हणून कुणीतरी त्यांना मामांच्या गार खोलीत पाठवलं.

"सायेब," त्या दारातूनच म्हणाल्या, "ती मशीन म्हणतीय, म्या न्हाय. म्या तर हाय की वो. ईटवरनं आले न्हवं का दोन गाड्या बदलून?"

मामांनी बुंदीचा कागद बाजूला सारला, मशीन चालू केलं आणि मावशींना त्यांचा दाखला छापून दिला. मग दोघांनी मिळून ती बुंदी खाल्ली. संध्याकाळी ते लोहाऱ्याला आले ते हादरूनच. "वर्षातनं एकदाच लागणारी माणसं असतात," ते आत्याला म्हणाले, "तेराव्यावर त्यांचा हिशोब बसत न्हाय." तेव्हापासून नियम बदलला. तेराव्याला फक्त कळवायचं, पुसायचं वर्षश्राद्धानंतर. पुढं दरवर्षी दिवाळीनंतर भाकरीमावशी यायच्या, अंगठा द्यायच्या आणि मामांना विचारायच्या, "हाय का वो म्या?" मामा कागद बघून म्हणायचे, "हाय, मावशी. पक्क्या हाय."

मागच्या वर्षी संस्थेला नवे चेअरमन आले. त्यांना सगळ्या मशीनचा सर्वाधिकाराचा पासवर्ड हवा होता. मामा म्हणाले, "तुम्हाला काय बघायचंय ते सांगा, तेवढंच उघडून देतो. एसटीचा चेअरमन झाला म्हणून कुणी त्याला स्टेअरिंग देत न्हाय." चेअरमन हसले. महिन्याभरात बाहेरची एक कंपनी आली. संस्थेचं सगळं क्लाउडवर जाणार, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या मर्जीवर. आणि मामांना सांगण्यात आलं की आता तुमची गरज उरणार नाही. एवढ्या वर्षांच्या माणसाला हे एका शिपायाच्या हातून निरोपानं कळवलं. मामा त्या शिपायाला म्हणाले, "बस, पाणी पी."

कंपनीच्या पोरांना त्यांनी सगळं नीट सोपवलं. एक कागद घरी आणला नाही, एक प्रत स्वतःकडे ठेवली नाही. "संस्थेचं संस्थेत" हे त्यांचं म्हणणं. पोरांना चार गोष्टी सांगितल्या: कोणतं मशीन कशाला टेकून उभं आहे ते आधी बघा, मग हलवा, वापर न होणारी मशीनं क्लाउडवर चालू ठेवाल तर रिकाम्या जीपसारखं भाडं भरत बसाल, जुने बॅकअप किती महिन्यांनी आपोआप पुसायचे ते ठरवताना वर्षाचा विचार करा. आणि त्या म्हाताऱ्या मशीनला हात लावू नका, ते दिवाळीनंतर लागतं. पोरं चांगली होती. त्यांनी मान डोलावली. त्यांचा धंदा सगळा लॅपटॉपवर चालतो, मान डोलावायला त्यांना काही खर्च पडत नाही.

मला हे कळलं त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मी पत्रकांच्या घरात वाढले. माझ्या वडिलांनी मला पहिली अक्षरं शाईच्या वासात शिकवली, आणि अन्याय दिसला की दोन्ही बाजूंनी छापलेला कागद निघतो, हे मी भूक लागली की जेवतात तितकं साधं समजते. शिक्षणसंस्था कुणाच्या बापाची, जनतेच्या पोरांची माहिती परक्या कंपनीच्या दावणीला का, असं सगळं त्यात होतं. मी ते घेऊन लोहाऱ्याला गेले. मामांनी शांतपणे वाचलं, एक काना चुकला होता तो दुरुस्त केला आणि पत्रक घडी घालून मला परत दिलं.

"पुढारीणबाई, छापू नका."

"का? तुम्ही भिता काय त्यांना?"

"भितो कशाला? मला त्यांनी बंद करून ठेवलंय. आता थांबायचं. कुणी रडतंय का बघायचं. तू आधीच बोंब मारलीस तर टेस्ट बिघडती."

"मी रडतेय की! आत्या रडतीय!"

"घरच्यांचं रडणं धरत न्हाईत," मामा म्हणाले. "घरचे कायबी झालं तरी रडतात."

मग सुरू झालं मामांचं स्वतःचं सुतक. उंबऱ्याजवळच्या खुर्चीत ते बसायचे, शेजारी स्टुलावर फोन, तोंड वर करून ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा. सकाळी ते आत्याला विचारायचे, मी आंघोळीला गेलो तेव्हा वाजला का. तेरावा झाला. शाळांचे निकाल लागले, प्रवेश झाले, पगार झाले. फोन वाजला तो गॅसवाल्याचा, आणि एकदा कुणीतरी कर्ज देतो म्हणणाऱ्या बाईचा. मामा तिच्याशी बराच वेळ बोलले.

आत्या चिडायची. "एवढी वर्सं मर मर मेले, एकाला बी आठवण न्हाय?"

"अगं, म्हंजे नीट चाललंय," मामा म्हणायचे. "मी मागं काय मोडकं ठेवून आलो असतो तर लगेच रडले असते. कुणी रडत न्हाय ही चांगलीच गोष्ट हाय." हे ते अशा चेहऱ्यानं म्हणायचे की आत्या पदर खोचून आत जायची. त्या मे महिन्यात मामांच्या अंगात पहिल्यांदा स्वेटर नव्हता. नुसत्या शर्टात ते इतके लहान दिसत होते, की स्टँडवर मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

दिवाळी झाली. मी लोहाऱ्यातच होते. दुपारची वेळ, मामा खुर्चीत, फोन स्टुलावर. दारात भाकरीमावशी उभ्या. ईटहून उमरग्याला गेल्या होत्या, तिथं एका मुलीनं काचेवर अंगठा लावायला सांगितला, आणि म्हणाली, यादीत तुमचं नाव नाही. जुनी यादी आणा म्हणाली. मावशींनी विचारलं, ते स्वेटरवाले साहेब कुठं हायत? शिपायानं लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसवून दिलं.

"मागं बी म्या न्हवते," मावशी म्हणाल्या, "तवा तुमी केलं न्हवं का हयात? आता बी करा की." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.

मामांनी कंपनीला फोन लावला. आधी एका यंत्रातली बाई खूप वेळ बोलली. मग एक खरी मुलगी आली, सौम्य आवाजाची. तिनं शोधलं, आणि म्हणाली, सर, असं मशीन आता नाही. बरेच महिने कुणी वापरलं नव्हतं, म्हणून हलवलं नाही, आणि जुने बॅकअप मुदत संपली की आपोआप पुसले जातात. मामा म्हणाले, "बाळ, तुझी चूक न्हाय." फोन ठेवला. त्यांची नजर मावशींच्या हाताकडे गेली. भाकरी थापून थापून त्या अंगठ्याच्या रेघा आधीच निम्म्या गेल्या होत्या.

मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक. रडणारं माणूस आलंय."

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढारीणबाई, आता काढा पत्रक."

मी उठलेच. "तुम्हाला काढलं तिथपासून सुरुवात करते."

"माझं नाव नको. रडलंय कोण? त्यांचं लिही. ह्या बाई हायत, एवढंच लिही. समोर बसून लिही, चुकणार न्हाईस."

मी समोर बसून लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक. त्यात घोषणा नाही, कुणाचा बाप काढलेला नाही. ईटच्या वसतिगृहात एवढ्या पोरांना जेवू घातलेल्या या बाई जिवंत आहेत, आम्ही त्यांना पाहिलं, त्यांनी आमच्यासोबत चहा घेतला. खाली अंगठा. मामांनी वाचलं आणि या वेळी एकही काना दुरुस्त केला नाही. उमरग्यात, ईटमध्ये, भूमच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. संस्थेकडून अजून काही उत्तर आलेलं नाही. मावशी मात्र अधूनमधून लोहाऱ्याला फोन करतात आणि विचारतात, हाय का वो म्या? स्टुलावरचा तो फोन आता त्यासाठी वाजतो. मामा पहिल्याच रिंगला उचलतात.

त्या पत्रकात मामांचं नाव कुठंच नाही, म्हणून हे वेगळं लिहिलं. त्यांच्या हाती पडलं की ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील, एखादा काना दुरुस्त करतील आणि म्हणतील, घरच्यांचं रडणं धरत न्हाईत.

न धरू देत.